कोरगुटाचं कुसळ

१

भात पिकायला आलं की शेतावर चिमण्या आणि पोपट उतरतात. बगळे उतरत नाहीत. म्हणून सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दिपूला कडेवर घेऊन परसात आलेल्या जान्हवीला खालच्या खारवटीत, खाडीकाठच्या खाऱ्या भातशेतात, बगळ्यांची पांढरी रांग दिसली, तेव्हा ती जागीच थांबली. बगळे ओळीने उभे होते आणि त्यांच्या पायांखाली आभाळ दिसत होतं.

काल तिथं भात होतं.

तिनं सासऱ्यांना हाक मारली. सत्तरी ओलांडलेले आबा हातातली कपबशी तशीच ओट्यावर टाकून अनवाणी धावले. त्यांच्या मागे, लेकीला छातीशी घट्ट धरून, जान्हवी.

बांदखोलची ही जमीन खाडीच्या कुशीत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक लाकडी दार. त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून ढकलून ते दार आपोआप मिटवतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते लोटून खाडीत जातं. पाऊस फार झाला तर दार दोरीनं वर उचलून बांधायचं आणि भरती यायच्या आत आठवणीनं सोडायचं. हे काम वर्षानुवर्षं आबांचं. लग्न होऊन आल्यापासून जान्हवीनं त्यांची एक फेरी चुकलेली पाहिली नव्हती.

आज दार वर होतं. खुंटीला आवळून बांधलेलं, आबांच्याच काथ्याच्या दोरीनं. अमावास्येचं उधाण रात्रभर मोकळ्या वाटेनं आत येत राहिलं होतं. ओहोटीनं आता थोडं पाणी ओढून नेलं होतं, आणि जिथं नेलं होतं तिथं लोंब्या चिखलात माखून आडव्या पडल्या होत्या.

माणसं जमली. आबांचे चुलतभाऊ, ज्यांना सारा गाव भाई म्हणतो, तेही आले. या जमिनीत अर्धा वाटा त्यांचा. त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आबा, काल हस्ताचो पावस होतो. दार तुया उचललंस. मगे सोडलंस काय?"

"सोडललंय," आबा म्हणाले.

मग त्यांनी दोरीच्या गाठीकडे बघितलं. स्वतःच्या हातांकडे बघितलं. आणि वळून जान्हवीला विचारलं, "सोडललंय मा गो?"



२

नुकसान कुणाचं झालं हे उघड होतं. फायदा कुणाचा, हेही गावाला ठाऊक होतं, फक्त त्या दिवशी कुणी बोललं नाही.

खारवट सातबाऱ्यावर एकसंध आहे, आबा आणि भाई या दोघांच्या नावावर. वापरात अर्धी अर्धी, पण कागदावर मध्ये रेघ नाही. रेघ मारताच येत नाही. तुकडेबंदीचा कायदाच तसा: ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही, नाहीतर वाटण्या होत होत शेताची रांगोळी होते. त्यामुळे भाईंना आपला वाटा एकट्यानं विकता येत नव्हता. मुंबईच्या एका पार्टीला तिथं रिसॉर्ट बांधायचं होतं, कुडाळचा किरण नावाचा दलाल वर्षभर खेपा घालत होता, आणि दर खेपेला आबा त्याला चहा पाजून नाही म्हणत होते. शिवाय दुसरी आडकाठी. जोवर तिथं भात उभं आहे आणि तलाठ्याच्या पीकपाहणीत दरसाल भात लागतंय, तोवर बिनशेतीची परवानगी कुणी सुखासुखी देणार नव्हतं. खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं पीक नाही. पीक नाही म्हणजे पड.

यतीन दुपारी पोहोचला. तो जान्हवीचा नवरा, पणजीला एका हॉटेलचं स्टोअर सांभाळायचा. रात्रपाळी करून तसाच मोटरसायकलवर बसलो म्हणाला. अंगणाच्या कडेला उभा राहून त्यानं खारवटीकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. मग आत येऊन नव्या काळ्या बॅगेतून दिपूसाठी दसऱ्याला घेतलेला फ्रॉक काढला. गुलाबी, गळ्याला जाळी.

घालून बघितला तर दिपू किंचाळायला लागली. गळा ओरबाडू लागली. जान्हवीनं जाळी चाचपली आणि तिच्या बोटाला ते लागलं. कुसळ. त्यांच्या शेतातलं कोरगुट हे जुनं भात, खाऱ्या जमिनीत तग धरणारं, काळपट टरफलाचं आणि लांबलचक कुसळांचं. गेल्या साली असंच एक कुसळ दिपूच्या हिरडीत रुतलं होतं, ताप चढला होता, मालवणला डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं. तेव्हापासून जान्हवी घरातली चटईसुद्धा झाडल्याशिवाय पसरत नसे. घरभर झालंय मेलं, असं पुटपुटत तिनं ते चुलीत टाकलं आणि फ्रॉक दसऱ्यासाठी ट्रंकेत ठेवून दिला.

संध्याकाळी यतीननं विषय काढला. तो दसऱ्यापर्यंत रजा काढून आला होता. म्हणाला, आबांचं वय झालंय, त्यांनी आपल्याला मुखत्यारपत्र करून द्यावं, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मालवणला जाऊ. पणजीला दोन खोल्या बघून ठेवल्यात, जान्हवीनं आणि दिपूनं तिकडे यावं. जान्हवी गप्प राहिली. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "आज दार इसारले. उद्या तुया पाण्याक जातलंस आणि आपला चेडू तेंच्याकडे असतला. मगे?"

आबा ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "यतीन म्हणता ता बरोबर असात."

दिपू नेहमीसारखी त्यांच्याकडे धावली, उचलून घ्या म्हणून हात वर करून.

आबांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

३

ते हात जान्हवीच्या डोळ्यांपुढून हलेनात. आबा खरंच विसरले असतील तर यतीनचं बरोबर होतं, आणि लेकीला त्यांच्याजवळ ठेवून विहिरीवर जायची तिची छाती होणार नव्हती. पण नसतील विसरले तर कुणीतरी पिकलेलं शेत बुडवून वर एका म्हाताऱ्याचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास चोरून नेला होता. दसऱ्याच्या आत हे कळायला हवं होतं.

किरण बोलावल्याशिवाय आला. पायरीवर बूट काढून, हळहळत. इकडचाच असून तो जान्हवीशी कचेरीतली मराठी बोलायचा. तिनं विचारलं, आता जमिनीचं काय. तो म्हणाला, वाईटातून चांगलं निघतं वहिनी. यंदा पीकपाहणीत पड लागेल, पुढचं सोपं होईल, व्यवहाराची घाई नाही.

"आणि मुखत्यारपत्र झालं की आबांनाही दगदग नको," तो म्हणाला.

जान्हवीच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच थांबला. मुखत्यारपत्राचं बोलणं आदल्या संध्याकाळी घरात झालं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं. किरण हसला. गावात काय लपतं, म्हणाला, आणि लगबगीनं बूट चढवायला लागला.

ती तडक भाईंकडे गेली. भाईंच्या माजघरात आबांच्या ओट्यावरचं बोलणं ऐकू येतं. भाई सुपारी कातरत बसले होते. त्यांना तिचा रोख कळला, आणि ते चिडले नाहीत, उलट त्यांना हसू आलं.

"विकूक होया, ता मी दिवसाढवळ्या सांगतंय. आबाच्या तोंडार सांगतंय," ते म्हणाले. "पण पिकलला भात बुडवन? त्यातला अर्धा माझा मा गो? आणि नुसता भात नाय गेला. बियाणा गेला. सगळे दुकानातला गुळगुळीत बियाणा पेरतत. कोरगुट आमच्याच खारवटीत उरलला. आता ता खंय गावता?"

बोलता बोलता त्यांचा अडकित्ता थांबला. "कोणाक इचारूचा तर परशुरामाक इचार. तिन्हीसांजेक तो उघाडीकडेच असता."

४

परशुराम उघाडीच्या तोंडाशी जाळं लावून कोळंबी धरायचा. दार उघडं राहिलं तर खाडीचं सगळं धन त्याच्या जाळ्यात, असा हिशेब जान्हवी वाटभर करत गेली. तो होडीच्या सावलीत जाळं विणत होता. जाळ्याला माणूस मावेल एवढं भोक होतं.

"उधाणान फाडल्यान," तो म्हणाला. "मी दार उघडा ठेवन माझाच जाळा फाडून घेईन काय वैनी? येडो समाजलास माका?"

तिनं विचारलं, मग त्या दिवशी इथं कोण होतं. परशुरामनं मान खाली घातली आणि सुतळी दातात धरली.  तिनं दिपूला मांडीवर घेतलं आणि वाळूत बसून राहिली. उठायची नाही हे त्याला दिसलं.

"आबा होते," शेवटी तो म्हणाला.

दिवेलागणीची वेळ, पावसाची भुरभुर. आबांची घोंगडीची खोळ, जी बांधाजवळच्या मांगरात, शेतावरच्या खोपटात, खुंटीला असते, ती डोक्यावरून घेतलेली. त्यांनी दार वर ओढून बांधलं. परशुरामनं लांबून हाक मारली, पण ते वळले नाहीत. मग शेताच्या राखणदार देवाच्या दगडाला हात जोडले, आणि बांधाच्या कोपऱ्यातून भातात उतरून बराच वेळ वाकून राहिले.

"म्हटलं, म्हाताऱ्याचा पोट बिघाडला असात. मान फिरवलंय मी," परशुराम म्हणाला. "खंय बोलूचा नाय असा ठरवललंय. आबा देवमाणूस. पण तुमीच इचारलास."

दिवेलागणीला आबा ओट्यावर होते, असं जान्हवीला वाटत होतं. ती आत दिपूला झोपवत होती, आणि त्यांचा खोकला ऐकल्यासारखा आठवत होता. पण तो खोकला ती रोजच ऐकायची. त्या दिवशीचा कुठला आणि आदल्या दिवशीचा कुठला, शपथेवर कसं सांगणार?

 बघणारा माणूस मिळाला होता, आणि त्यानं आबांनाच बघितलं होतं.

५

घरी न जाता ती बांधाच्या त्या कोपऱ्याकडे वळली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आई झाल्यापासून तिला तशी सवयच लागली होती. पडलेली वस्तू उचलून बघायची, मिटलेली मूठ उघडून बघायची.

पाणी ओसरलं होतं. सगळं शेत राखाडी, लोंब्यांच्या भारानं एका अंगाला झोपलेलं. पण कोपऱ्यात, बांधाला लागून, हातभर जागेतली भाताची ताटं सरळ उभी होती. जान्हवी वाकली. ताटं उभी होती कारण त्यांना डोकीच नव्हती. लोंब्या वरच्या वर कापून नेल्या होत्या, धारदार पात्यानं, सफाईनं.

खोळीतला माणूस वाकला होता तो यासाठी.

ती तिथंच बांधावर टेकली. या घरात दसऱ्याच्या दिवशी नवं बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल यांची जुडी देवापुढे ठेवून मग दाराच्या चौकटीला. पहिली लोंबी आबा कापतात, दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून, आणि त्याआधी शेताला कुणी विळा लावत नाही. एक जुडी घरची, एक भाईंची. पितृपक्षात तर आबा शेताला पातंही दाखवणार नाहीत. सर्वपित्रीच्या तिन्हीसांजेला तर नाहीच नाही. देवळात चप्पल घालून जायला सांगा, ते एक वेळ जातील.

म्हणजे खोळ आबांची, माणूस दुसरा.

आणि त्याला ठाऊक होतं की सकाळी इथं एकही स्वच्छ लोंबी उरणार नाही. म्हणून त्यानं दार बांधल्यावर, घाईत असूनही, पाणी चढायच्या आधी नव्यापुरत्या लोंब्या काढून घेतल्या. किरणला किंवा त्याच्या मुंबईच्या पार्टीला हे सुचलंच नसतं. परशुरामाचं स्वतःचं शेतच नाही. या जमिनीचं नवं दाराला बांधल्याशिवाय ज्याचं वर्ष सरत नाही, असाच कुणीतरी होता तो.

उंबऱ्याच्या आतला. जान्हवीनं दिपूला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

६

दसऱ्याच्या सकाळी ती आपट्याची पानं द्यायच्या निमित्तानं भाईंच्या दारात गेली. चौकटीला जुडी होती. जान्हवीनं बोट लावून बघितलं. पिवळ्या, गुळगुळीत लोंब्या. भाईंची बायको नर्मदाकाकी आतून आली आणि ओशाळली. म्हणाली, आरोंद्याहून माहेरच्या शेतातल्या आणल्या, "औंदा उसना नवा गो बाय, काय करतलंव." तिचे डोळे भरले होते. भाई मागे उभे होते.

भाई नव्हते तर.

मग कोण, हा प्रश्न घेऊन ती घरी आली तेव्हा दिपू रडत होती. यतीननं तिला ट्रंकेतला गुलाबी फ्रॉक घातला होता आणि स्वतः आंघोळीला गेला होता. पोर गळा खाजवून लाल झाली होती. जान्हवीनं जाळीत बोट घातलं आणि आणखी एक कुसळ ओढून काढलं. लांब, काळपट टोकाचं.

ती ते चुलीत टाकणार होती. हात अर्ध्यावर थांबला.

हा फ्रॉक दुकानातून बॅगेत आला, बॅगेतून ट्रंकेत गेला. शेतावर तो कधी गेलाच नाही. पहिलं कुसळ निघालं ते बॅगेतून काढल्या काढल्या, आणि त्या वेळी शेत पाण्याखाली होतं. घरातलं मागच्या सालचं असेल म्हणावं, तर बॅग नवी. पणजीत कुठलं कोरगुट?

बॅग खुंटीला होती. न्हाणीघरातून तांब्याचा आवाज येत होता. तिनं बॅग उतरवली. कपड्यांच्या खाली, तळाशी, पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं पंचा उलगडला.

लोंब्या. भरलेल्या, स्वच्छ, चिखलाचा एक डाग नसलेल्या. आंब्याचं सुकलेलं पान घालून, सासूबाई बांधायच्या तशीच, तीन वेढ्यांनी बांधलेली जुडी.

 किरणला मुखत्यारपत्राचं कुणी सांगितलं, ते आता कळलं. रात्रपाळी कुठली होती, तेही. न्हाणीघरातला आवाज थांबला. थोड्या वेळानं अंगणातून दिपूच्या खिदळण्याचा आवाज आला. बाप तिला खांद्यावर घेऊन नाचवत होता.

७

आबा ओट्यावर बसले होते. चौकटीला आंब्याचं तोरण होतं, नवं नव्हतं. तिकडे ते बघत नव्हते.

जान्हवी बाहेर आली आणि तिनं जुडी त्यांच्या हातात ठेवली. आबांनी एक लोंबी चिमटीत धरून टोकापर्यंत ओढली. कुसळं बोटांवर खरखरली.

"खंयचा गो ह्या?"

"आपलाच, आबा. पाणी येवच्या आदी कापलेला."

अंगणातलं खिदळणं थांबलं. यतीन दिपूला खांद्यावर घेऊन जागच्या जागी उभा होता. जान्हवीनं चढ्या आवाजात काही म्हटलं नाही. फ्रॉकच्या जाळीतलं कुसळ तिनं तळहातावर धरून त्याला दाखवलं, आणि तुमच्या बॅगेत होतं, एवढंच सांगितलं.

आधी त्यानं तोंड उघडलं ते नाही म्हणायला, असं तिला वाटलं. पण आबा बघत होते. यतीन कुणाकडेच न बघता बोलायला लागला. भात आज ना उद्या जाणारच होतं, म्हणाला. एकटे आबा किती वर्षं दार सांभाळणार होते. पणजीची जागा, दिपूची शाळा, सगळं एका सहीवर अडलं होतं. नाही म्हणणाऱ्या माणसाची सही मागत बसण्यापेक्षा, आपलं डोकं चालत नाही असं वाटणाऱ्या माणसाकडून मुखत्यारपत्र करून घेणं सोपं, असं किरण म्हणाला होता. मग त्याचा आवाज खाली गेला.

"नव्या घराक तरी आपला नवा होया, असा वाटला. आये म्हणायची, नव्याशिवाय दार बोडक्या दिसता."

"दार कोणी बांधल्यान?" आबांनी विचारलं. जसं काही बाकीचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

"मी, आबा."

"मी बांधलंय नाय?"

"नाय. तुमी सोडून गेल्लात. मी मांगरात होतंय. तुमी घराक गेल्यार मगे..."

आबांनी डोळे मिटले. जान्हवीला वाटलं आता ते उठतील, हात उगारतील, नाहीतर कोसळतील. त्यांच्या तोंडावर यातलं काही आलं नाही. आलं ते इतकं अनपेक्षित होतं की तिला बघवेना. सुटल्यासारखं.

"म्हणजे मी सोडललंय," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "सोडललंय मी. इसारलंय नाय."

त्यांना रडू आलं, ते त्यानंतर.

जान्हवी अंगणात उतरली. यतीनच्या खांद्यावरून तिनं लेकीला काढून घेतलं आणि आणून आबांच्या मांडीवर ठेवलं. आबांचे हात या वेळी मागे गेले नाहीत. पण पोरीला धरायच्या आधी त्यांनी जुडी बाजूला सरकवली, लांब.

"दोन लोंब्यो दाराक बांध," ते जान्हवीला म्हणाले. "उरलला मडक्यात घालून वर ठेय. बियाण्याक. पोरीच्या हाताक लागता नये."

खारवटीतल्या कोरगुटाचा आता एवढाच जीव उरला होता, मूठभर. पावसानं मीठ धुऊन जाईपर्यंत तेच सांभाळायचं होतं. तिनं दोन लोंब्या चौकटीला बांधल्या. उद्या मालवणला कुणी जाणार नाही, असं तिनं पाठमोरं राहूनच सांगितलं.

यतीन अजून अंगणातच होता.  "आणि मी?" त्यानं विचारलं. विचारताना तो दिपूएवढा झाला होता.

आबांनी डोळे पुसले. खाडीकडे बघितलं, पाण्याचा रंग बघितला.

"भरती लागली," ते म्हणाले. "जा, दार बघून ये."

यतीन उतरणीनं खाली गेला. जान्हवी परसाच्या कडेला जाऊन उभी राहिली. तो उघाडीजवळ वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. तो परत फिरून घराच्या वाटेला लागेपर्यंत तिनं बांधावरून नजर काढली नाही, आणि मग, आबा ओट्यावरून हाक मारत होते तरी, दार खरंच खाली आहे ना हे बघायला ती स्वतः गेली.